सळी झिजली, नाव पाण्याचं

लोखंडाची सळी पाण्यात बुडवून तिला वीज लावली, तर घाण पाण्यातून निघत नाही, सळीतून निघते. एवढी साधी गोष्ट. पण ती माणसांना पटवताना माझा आठवडा गेला आणि डोकं इतकं तापलं की वर भाकरी भाजली असती.

मी चौथीत शाळा सोडली. त्यामुळं शिकलेली माणसं माझं ऐकून घेत नाहीत, आणि न शिकलेली तर अजिबातच घेत नाहीत. पण ह्या एका बाबतीत मला कोणी शिकवायचं कारण नव्हतं. सांगलीत मी बावीस वर्षं निकल चढवायच्या कारखान्यात काढली. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, कपाटाच्या मुठी, असला माल यायचा. मोठी टाकी, तिच्यात हिरवं पाणी. एका बाजूला निकलची जाड पाटी कापडी पिशवीत घालून टांगायची, दुसऱ्या बाजूला माल. पाटीला प्लसची तार, मालाला मायनसची. बटण दाबलं की पाटी विरघळायला लागते आणि तिचं निकल पाण्यातून जाऊन मालावर बसतं. डोळ्याला काही दिसत नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी पिशवी उघडली की आत पाटीच्या जागी कुरतडलेलं पान निघायचं, आणि बुडाला चिखल.

पहिल्याच महिन्यात मी तारा उलट्या लावल्या. जेवून येईपर्यंत पितळी तोट्यांना खड्डे पडले आणि सगळी टाकी नासली. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "गड्या, पाटी खायाची सोडून तू माल खाल्लास की रं!" त्यानंतर बावीस वर्षांत माझी तार एकदाही चुकली नाही. प्लसला लावलेलं झिजतं, हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे.

तर पाण्याची गोष्ट.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. आमच्या आळीची विहीर माझ्या बापानं आणि दोन चुलत्यांनी खोदली. त्याच्या आधी गावच्या विहिरीवर आमच्या बायका घागर खाली ठेवून उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. छप्पन सालानंतर आळी बौद्ध झाली, आणि म्हाताऱ्यांनी ठरवलं की आता कोणाच्या ओतण्यावर जगायचं नाही. खडकाला पहार लावली. पाणी लागलं ते थोडं जड होतं. डाळ लवकर शिजत नाही त्यात. पण आपलं होतं. पुढं ग्रामपंचायतीचा नळ आला, आळीतल्या निम्म्या घरांनी घेतला. मी घेतला नाही. पंचायतीच्या माणसाला सांगितलं, "माझ्या बापानं पाणी काढलंय, मी तेच पिणार. तुझा नळ तुझ्या दारात लाव."

मग अठ्ठ्याण्णव साल असेल, माझी बायको गेली. मूत्रपिंडं निकामी झाली. मिरजेला दवाखान्यात महिनाभर होती. तिच्याबद्दल मला इथं जास्त लिहायचं नाही. लिहायला बसलो की हात थांबतो, आणि हात थांबलेला मला आवडत नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला माझी लेक तासगावाहून आली. एकुलती एक. द्राक्षवाल्यांच्या मुलखात दिलेली, दहावी शिकलेली, आईवर जीव टाकणारी. कार्यक्रम झाला, पाव्हणे जेवून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. गळ्यात टाय, हातात काळी पेटी. पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा माणूस. लेकीनंच बोलावलेला. तिनं नुकतंच त्याच्याकडून मशीन घेतलं होतं आणि आता मला दाखवायचं होतं.

आळीतली दहा-पंधरा माणसं जमली. फुकटची करमणूक कोण सोडतो? त्यानं ओट्यावर दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात आमच्या विहिरीचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं, मशीनमधून काढलेलं.

"बाबा, दोन्ही सारखीच स्वच्छ दिसतात ना?"

"दिसतात."

"आता बघा."

पेटीला खाली लोखंडाच्या सळ्या होत्या. त्या त्यानं आमच्या पाण्यात बुडवल्या आणि पिन लावली. मिनिटभरात पाणी पिवळं पडलं. मग हिरवट. मग गटारीत काठी फिरवावी तसं, आणि वर फेस. बायकांनी पदर तोंडाला लावले. शेजारची म्हातारी म्हणाली, "आगं बया, हे आमच्या पोटात हाय?"

"आजी, हेच पोटात आहे," टायवाला म्हणाला.

लेक पुढं झाली. "माझी आई किडनीनं गेली. ह्याच पाण्यानं का?"

"ताई, मी डॉक्टर नाही. पण चाळीस वर्षं हे पोटात गेल्यावर…"

आणि वाक्य सोडून दिलं. अर्धं वाक्य सोडणारा माणूस मला जन्मात आवडला नाही. पुरं बोलावं, म्हणजे समोरच्याला पुरती शिवी देता येते.

मी म्हणालो, "आरं लबाडा, ती तुझी सळी इरघळतीया. बावीस वर्षं हेच केलंय मी. पाण्याला कशापायी नावं ठेवतोस?"

त्याला राग आला नाही. ह्या लोकांना राग न यायचंच शिकवतात. तो हसून म्हणाला, "बाबा, सळी विरघळत असेल तर ह्या दुसऱ्या ग्लासातसुद्धा विरघळायला हवी. सळ्या त्याच आहेत." त्यानं सळ्या पुसल्या, बाटलीच्या पाण्यात बुडवल्या, पिन लावली. आम्ही बघत बसलो. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी जसंच्या तसं.

सळी तीच, वीज तीच, आणि झिजत नाही. बावीस वर्षांचा अनुभव त्या ग्लासात बुडाला. मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, निकल डोळ्यावर चढलं व्हय?" सगळे हसले. मी घरात गेलो.

जाताना लेक म्हणाली, "आबा, मी पोरांना हितलं पाणी देणार न्हाई. तुमी नळ घेतला असता तर आई…"

तीही आता अर्धं वाक्य सोडायला शिकली होती.

ती तासगावला गेली आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला. आळीतली उरलेली घरंही विहिरीवरून उठली. पाणी न्यायचं ते म्हशी धुवायला. मी एकाला आडवलं, म्हटलं, "का रं, कालपतुर गोड लागत हुतं न्हवं?" तो म्हणाला, "आवं आबा, डोळ्यानं बघितलं की." डोळ्यानं बघितलं! जादूगार टोपीतून कबूतर काढतो तेही डोळ्यानंच बघतात. म्हणून काय टोपी अंडी घालते?

आमचं पाणी घाण, हे ऐकायची माझ्या बापाला सवय होती. मला नव्हती. आणि तेच सांगायला टाय लावून माणूस आला तर माझ्याच आळीनं माना डोलावल्या. पण खरं सांगायचं तर मला आळीचं एवढं लागलं नाही. लागलं ते लेकीचं. तिच्या मनात आता कायमचं बसणार होतं की बापाच्या हट्टाचं पाणी पिऊन आई मेली. मी मेल्यावरही ती तेच म्हणणार. हे मला चालणार नव्हतं. आणि आतून भीतीही होती, की ती म्हणते ते खरं असेल तर?

चार दिवस मी त्याच ग्लासाचा विचार केला. झोपताना तेच, उठताना तेच. पाचव्या दिवशी दुपारी आमटी केली. स्वैपाक मला येत नाही, पोट भरतं एवढंच. पहिला घास घेतला तर अळणी. मिठाला हात घातला, आणि हात डब्यातच राहिला.

मीठ!

कारखान्यात टाकी भरताना आम्ही पोत्यानं निकलचं मीठ ओतायचो. हिरवं, खड्यांचं. एकदा मी मिस्त्रीला विचारलं होतं, एवढं मीठ कशाला, नुसतं पाणी भरलं तर? तो म्हणाला होता, "शुद्ध पाण्यात करंट चालत न्हाई. त्याला मिठाचा हात धराय लागतो." आमच्या विहिरीचं पाणी जड, त्यात आधीच क्षार. म्हणून वीज चालली आणि सळी झिजली. त्याच्या बाटलीच्या पाण्यात काहीच नव्हतं, म्हणून वीजच चालली नाही. वीज नाही तर झिजणार कशी? एवढं पोरखेळाचं उत्तर, आणि मी त्या दिवशी घरात तोंड लपवून बसलो. अळणी आमटी तशीच टाकली आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. विट्याला एसटी बदलली. बरोबर विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि खिशात दोन नवेकोरे खिळे, बोटभर लांब. कंडक्टर कॅनकडं बघून म्हणाला, "आबा, तासगावात पाणी आटलं व्हय?" मी म्हटलं, "तू तिकीट फाड."

लेकीच्या अंगणात तिची सासू बेदाण्याच्या काड्या निवडत बसली होती. जिभेनं तिखट बाई, पण मनानं सरळ.

"या पाव्हणं. कॅनमधी काय, रॉकेल?"

"पाणी."

"आमच्यात पाणी मिळतं हो. तेबी मशीनचं."

लेक बाहेर आली. कॅन बघितला आणि तिचा चेहरा बदलला. तो उचलून तिनं उंबऱ्याच्या बाहेर ठेवला, चप्पल ठेवावी तसा. बोललो असतो तर तिथंच भांडण झालं असतं आणि खिळे खिशात राहिले असते.

चहा झाल्यावर म्हणालो, "तुज्या मशीनचं पाणी एक ग्लास दे. आन ट्रॅक्टरची बॅटरी लागंल दोन तास."

"आबा, कशापायी उकरून काढताय?"

"दे म्हटलं न्हवं."

जावई शेडवर होता, ट्रॅक्टर दारात उभा होता. बॅटरी मीच सोडवली. एका खिळ्याला प्लसची तार, दुसऱ्याला मायनसची, आणि दोन्ही मशीनच्या पाण्यात लांब लांब बुडवले. काही झालं नाही.

विहीणबाई खुदकन हसल्या. "बघा, किती शुद्ध हाय आमचं पाणी!"

"शुद्ध हाय, मी कुठं न्हाई म्हटलं? आता घरातलं मीठ आना. जेवणातलं, दुसरं न्हवं."

लेकीनं वाटीतून आणलं. मी ग्लासात दोन चिमट्या टाकल्या आणि ढवळलं. मायनसच्या खिळ्याला लगेच बारीक बुडबुडे आले. प्लसचा खिळा गप्प होता, पण त्याच्याभोवती पाणी पिवळट झालं, मग हिरवट. पाच मिनिटांत सगळा ग्लास गढूळ. दहा मिनिटांत आमच्या ओट्यावर झाला होता तसाच, किंबहुना जास्तच घाण.

विहीणबाई उठून जवळ आल्या. "आगं बया! म्हंजे मीठच खराब हाय!"

मी कपाळाला हात लावला. "विहीणबाई, हेच मीठ सकाळी आमटीत हुतं का न्हाई?"

"हुतं."

"मग?"

"मग आमटी बी खराब. त्या दुकानदाराला आज बघतेच मी."

"आवं, मीठ चांगलं हाय, आमटी चांगली हाय, पाणी चांगलं हाय! खिळा इरघळतोय, खिळा!"

"खिळा काय साखरंचा हाय व्हय इरघळायला?"

आता ह्या बाईला काय सांगणार? बावीस वर्षं हे केलं आणि एका विहीणबाईपुढं हात टेकले. लेक मात्र ग्लासाकडं बघत होती, हाताची घडी घालून, तिची आई बघायची तशी.

मी बॅटरी तशीच चालू ठेवली. दोन तास. मधे पाणी तापलं, चिखल दाट झाला, तो ओतून पुन्हा पाणी आणि मीठ घातलं. विहीणबाई काड्या निवडता निवडता मान वर करून विचारायच्या, "झालं का हो पाव्हणं तुमचं कालवण?" उन्हं कलायला लागली तेव्हा तारा सोडवल्या आणि दोन्ही खिळे धुऊन लेकीच्या तळहातावर ठेवले.

एक होता तसाच, जाड. दुसऱ्याचा पाण्याबाहेरचा भाग धड होता, पण बुडालेला भाग बाभळीच्या काट्याएवढा राहिला होता, खडबडीत, टोकाला वाकडा.

"सकाळी दोन्ही सारखे हुते. एका पुड्यातले. आता सांग, घाण कुठनं आली?"

तिनं बारका खिळा बोटात फिरवला. दाबला तसं टोक मोडलं. दहावी शिकलेली पोर, तिला जास्त सांगावं लागलं नाही.

"म्हंजे त्या दिशी सळी…"

"व्हय. सळी. आपलं पाणी जड हाय, ते मी बी जाणतो. त्यात डाळ शिजत न्हाई. पण जे तुला दावलं ते पाण्यातलं न्हवतं."

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. आठवडाभर मी ह्याच घटकेची वाट बघत होतो. पण तिच्या तोंडावर एकदम काहीतरी पडल्यासारखं झालं. ती ओट्यावर बसली.

"मग आई कशानं गेली, आबा?"

असं विचारेल हे मला सुचलं नव्हतं. पाणी निर्दोष सुटलं की विषय मिटला, एवढंच माझ्या डोक्यात. पाण्यावरचा आळ काढायला निघालेल्या म्हाताऱ्यानं पुढचा विचार केलाच नव्हता, की तो आळ उतरवून ठेवायचा कुठं?

खोटं बोलता आलं असतं. वय झालं, नशीब, असं काहीतरी. पण मला ते जमत नाही, आणि तिच्याशी तर नाहीच.

"डॉक्टरनी मला ईचारलं हुतं," मी म्हणालो. "दुखायच्या गोळ्या किती वर्सं खात्यात म्हणून. मी म्हटलं, सात-आठ वर्सं. त्यांनी लिहून घेतलं आन मान हलवली. म्हणाले, असल्या गोळ्या किडनी खात्यात. गुडघ्यासाठी खायची ती. दिसाला दोन, कवा तीन. सांगलीहून येताना मीच आणायचो. चिठ्ठी न्हाई, काय न्हाई. तिनं मागितल्या, मी आणल्या."

"आन गुडघं गेलं ते पाणी वढून वढून. नळ नको म्हणणारा मी, रहाट वढणारी ती. मी आठवड्यातनं एक दिस घरी. तवा तुज्या म्हणण्यात तेवढं खरं हाय. पाणी पिऊन न्हाई गेली, पण गेली माझ्याच हट्टानं."

झालं. बोलून टाकलं. आता ती काय बोलायचं ते बोलू दे, म्हणून मी समोरच्या शेडकडं बघत बसलो. विहीणबाई काड्यांचं सूप उचलून आत गेल्या. त्या बाईला कुठं थांबायचं आणि कुठं उठायचं ते बरोबर कळत होतं.

लेक म्हणाली, "मी बी आणायची."

"काय?"

"गोळ्या. दर येळंला येताना दोन-दोन पाकिटं. तुमच्या संपल्या की ती मला निरोप धाडायची, आबाला सांगू नगंस म्हणायची. मेडिकलवाला म्हणायचा, ताई, रोजच्या रोज देऊ नका. मी म्हणायची, तुमच्या आईचं गुडघं दुखंस्तवर थांबा, मग कळंल."

म्हणजे ही पोर दवाखान्यात महिनाभर आईच्या उशाशी बसली ती हे पोटात घेऊन. म्हणूनच त्या टायवाल्याच्या ग्लासाला तिनं एवढी मिठी मारली. घाण पाण्यात आहे म्हटल्यावर तिला श्वास घेता आला असेल. आणि मी शहाणा, खिळे घेऊन विट्यावरून एसटी बदलून आलो, तिचा तो श्वास काढून घ्यायला.

मला संताप आला. तिचा, माझा, मेलेलीचासुद्धा. दोघांकडून घेत होती म्हणजे दिवसाला किती खात होती ती?

"आगं, मग हे त्या दवाखान्यातच बोलायचं की!" मी ओरडलोच.

"तुमी बोलला व्हता का?"

ती रडायला लागली, तोंडावर हात घेऊन. रडू नको, तुझी काही चूक नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. पण ते म्हणायला तिसरं माणूस लागतं, ज्यानं गोळ्या आणलेल्या नाहीत. आमच्यात तसं कोणी उरलं नव्हतं. मी सरकून तिच्या शेजारी बसलो, एवढंच केलं.